आतल्या कप्प्यातला अर्ज

ता. १४, बुधवार

प्रिय ताई,
सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र पोचलं. आईचा गुडघा आता बरा आहे हे वाचून जीव भांड्यात पडला. मी ठीक आहे. वेळेवर जेवते. झोपही लागते, म्हणजे लागत होती.

मैत्रिणी झाल्या का, असं तू विचारलंस. एक झाली. इथं तीन कॉलेजं एकाच रस्त्यावर आहेत. तिन्हींचं वाचनालय एकच, आणि एका कॉलेजच्या मुलीला दुसऱ्या कॉलेजात एखादा विषय घेता येतो. त्यासाठीचे अर्ज रोज बारा वाजता या कार्यालयातून त्या कार्यालयात नेऊन द्यायचं काम मला मिळालंय. खाकी पिशवी, सहीची वही, सगळं रीतसर. माझी मैत्रीण विज्ञानाच्या कॉलेजातली. शिट्टी वाजवत चालते म्हणून सगळे तिला शिट्टीच म्हणतात. पहिल्याच दिवशी मला म्हणाली, "टपालवाल्या बाई, माझं काही आलंय का?" तेव्हापासून आम्ही वाचनालयाच्या पायऱ्यांवर एकत्र डबा खायला लागलो.

मग चित्रकलेच्या कॉलेजातली एक उंच मुलगी आली. तिनं खाता खाता शिट्टीचं चित्र काढलं, पाच मिनिटांत, हुबेहूब. झालं, आम्ही तिघी बसू लागलो. त्या दोघी हसायच्या आणि मला निम्मा विनोद कळायचा. "अगं, तू पण बोल ना काहीतरी," उंच मुलगी म्हणायची. वाईट नाही गं ती. तेच जास्त बोचतं.

आपली शाळा म्हणजे जेवणाचं टेबल. शिकवायला आई, शिकायला तू आणि मी. तिसरं कुणी आलंच नाही. आईला दोष देत नाही, पण वाटेकरी आला तर कसं वागायचं, हा धडा राहूनच गेला.

गेल्या आठवड्यात सोमवारी शिट्टीनं रेखाटनाच्या वर्गासाठी अर्ज भरला, उंच मुलीच्या कॉलेजात. शुक्रवार तिथला शेवटचा दिवस होता. तिचा अर्ज पोचला नाही. कार्यालयात कुठंतरी गहाळ झाला, असं तिला वाटलं. नाइलाजानं तिनं माझ्या इतिहासाच्या वर्गात नाव घातलं आणि परवा माझ्या शेजारी येऊन बसली. "तू आहेस म्हणून बरं, नाहीतर रडलेच असते," म्हणाली.

ताई, अर्ज गहाळ झाला नव्हता. माझ्या पिशवीच्या आतल्या कप्प्यात होता. मी विसरले नव्हते. रोज हात घालून बघत होते, आहे ना म्हणून. सहीच्या वहीत त्याची नोंदच केली नाही. बेरीज चुकली की तू बघायच्या आधी आईला जाऊन सांगणारी मी.

काल चित्रकलेच्या कार्यालयातल्या बाईंना अर्ज माझ्याकडेच असल्याचं सांगितलं. "टपालाची चूक असेल तर अजून नाव घालता येईल," त्या म्हणाल्या. "तसं लिहून दे."

"चूक नव्हती. मी मुद्दाम ठेवून घेतला."

त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. "मग तसं लिही."

लिहिलं. पिशवी आणि वही त्यांनी तिथंच ठेवून घेतली.

तिथून शिट्टीकडे गेले. तिनं सगळं ऐकून घेतलं. मग एवढंच विचारलं, "तिच्यामुळे?"

"हो."

"मग भांडायचंस ना माझ्याशी. भांडण चाललं असतं मला."

आज इतिहासाच्या वर्गात माझ्या शेजारची खुर्ची रिकामी होती. तिचं नाव तिकडे लागलं, ती तिकडे गेली. योग्यच झालं. खरं बोललं की मन हलकं होतं, असं मी धरून चालले होते. पण तासभर मी समोरच्या इमारतीच्या खिडक्या मोजत होते. त्या दोघी कुठल्या खिडकीपाशी असतील, आणि बोलण्यात माझं नाव निघालं असेल का, एवढंच डोक्यात. न निघाल्याचं दुःख जास्त झालं असतं, हेही कळलं.

आईला हे वाचून दाखवलंस तरी चालेल. फक्त मधलं काही गाळू नकोस, आणि मला आता पश्चात्ताप झालाय, एवढ्यावर गोष्ट संपवू नकोस. झालाय. पण जळणं थांबलेलं नाही.

तुझी धाकटी,
जिला तू कधी कुणाबरोबर वाटून घ्यावी लागली नाहीस