शेवटी येणाऱ्याची जागा

३ एप्रिल
आज सायंकाळी रानातील वाटसरूंसाठीच्या पहिल्या झोपडीत आनंदाने पोहोचलो. मी व माझी पत्नी आउने, दोघेही स्कीवर. सामानाची घसरगाडी मी स्वतः ओढली. उत्तरेस इनारी गावी मुलीकडे कायमचे राहावयास जात आहोत. जावयाने बस सुचविली होती. माझ्या पत्नीस मी माझ्या पायांच्या बळावर पोहोचवीन, असे त्यास कळविले.

झोपडीत औला नावाचा रेनडियरपाळ होता. त्याने शेकोटीजवळची निजावयाची फळी तत्काळ आम्हांस दिली. रानाचा नियमच तो: शेवटी येणाऱ्याचा हक्क पहिला. मग दाराबाहेर पाहून म्हणाला, "आजोबा, आजी दमली नाही आणि तुमचा तिसरा गडी मागे पडला की हो!"

आम्ही दोघेच आहोत, असे मी सांगितले. तो हसावयाचा थांबला. पुढे दारावर थाप पडली तर 'या' म्हणू नका, असे त्याने बजावले. मला नियम शिकवू नयेत, असे मी उत्तर दिले.

५ एप्रिल
बर्फ मऊ पडले आहे. घसरगाडी रुतते; हात सोलले. गोठलेले तळे ओलांडून मागे पाहिले, तर आमच्या रेघांशेजारी आणखी एका स्कीच्या रेघा. माणूस दिसला नाही.

सायंकाळी पुढच्या झोपडीच्या दारावर थाप पडली. आउने म्हणाली, "उघडू नका. गारठलेला माणूस इतकं हळू ठोठावतो का?" वाटसरूस नाकारणे मला शोभत नाही. "आत या, जागा आहे," असे मी म्हटले. दार उघडले. कोणीच आले नाही.

६ एप्रिल
शेकोटीजवळची रिकामी फळी सकाळी बर्फाने पांढरी.

७ एप्रिल
दिवसभर वैताग. आउने भाकरीचे तीन तुकडे करते. मी ओरडलो. ती म्हणाली, "बोलावलंत तुम्ही. आता सरका." तू नसतीस तर मी केव्हाच पोहोचलो असतो, असे मी रागाने बोललो. बोलावयास नको होते.

८ एप्रिल
तो आता ठोठावत नाही. फळीवरची आउनेची जागा त्याने घेतली. ती जमिनीवर निजली. ओठ निळे. आणखी एक रात्र अशी गेली तर —

९ एप्रिल
नियम तो नियम. आउनेने बाहेर जाऊन पुन्हा यावे. मग शेवटची तीच. त्यास उठावे लागेल. जाताना तिने विचारले, "परत घ्याल ना मला?" भलते विचारू नकोस, असे म्हणालो.

थापेची वाट पाहत लिहितो. फळी करकरते —

थाप पडली. मी तोंड उघडण्यापूर्वीच फळीवरून, माझ्याच आवाजात —

"जागा नाही."

तिच्या स्की दूर चालल्या. दार गोठले आहे, हलत नाही — आउने, ते मी नव्हतो, मी —