उन्हात जायचं नव्हतं

बेला, जि. आदिलाबाद
दि. ११ डिसेंबर २०२४

चि. मैत्रीस,
जय भीम आणि अनेक आशीर्वाद.

इकडे सगळं ठीक आहे. कापसाची वेचणी अर्धी झाली. तुझं बँकेतलं काम कसं चाललंय? डबा तसाच परत नेत जाऊ नकोस.

माझ्या चेहऱ्याची आग थांबली. पण उजव्या गालावर, जिथं वांगाचे डाग होते, तिथं आता आधीपेक्षा काळं पडलंय. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, हळूहळू जाईल, पण तोवर कातडी सोलायचं ते पील दुसऱ्यांदा करणार नाही. तू चिडून म्हणालीस, "तुला चांगलं दिसायचंच नाही, आई. मी आता यात पडणार नाही." तेव्हापासून तुझा फोन नाही. फोनवर मला हे सांगणं जमलंही नसतं.

मला चांगलं दिसायचंय, मैत्री. बाई गालावर औषध फिरवत होत्या, लाल मुंग्या चावाव्या तसं झोंबत होतं आणि मी मनात म्हणत होते, होऊ दे. वरची कातडी निघायला लागली, तेव्हा आतला उजळ रंग पाहून मला एकटीलाच हसू आलं. लाजही वाटली.

मग पील केल्यावर लगेच उन्हात का गेले? तुला सांगितलं, आभाळ आलं होतं, कापूस भिजला असता. वेचणीतल्या तुळजाबाईलाही तेच सांगितलं. रुमालानं बांधलेलं माझं तोंड पाहून ती म्हणाली, "काऊन वं, सूनमुख पाहाचं हाय का आमाले?" मी म्हटलं, "पाहाचं असन तर आधी साडी आण!" सगळ्या हसल्या. घामानं रुमाल चिकटायला लागला, तसा मीच सोडून टाकला.

आभाळ नव्हतं गं.

तुझे बाबा गेल्यापासून मी दुपारची घरात बसलेच नव्हते. लोक म्हणाले, बाई खंबीर आहे. या पीलमुळे पहिल्यांदा दार-खिडक्या लावून बसायची वेळ आली. वेळ जाईना म्हणून पेपर घेतला आणि सवयीनं मोठ्यानं वाचू लागले. बाबा डोळे मिटून ऐकायचे, बातमी संपली की "हं, पुढं" म्हणायचे. बातमी संपली. मी थांबले. किती वेळ थांबले, कोण जाणे. मग रुमाल उचलला आणि शेताची वाट धरली.

डॉक्टरीणबाईंनी नीट बजावलं होतं. मला सगळं समजलं होतं.

डाग फिका पडला की मला दुसरं पील करायचंय. पण नंतरचे ते दिवस मी एकटीनं काढू शकणार नाही. तू रजा घेऊन ये. काही करू नकोस, नुसती घरात अस.

हे पत्र दुपारीच लिहितेय. मधे दोनदा दारापर्यंत जाऊन आले.

अजून घरातच असलेली,
तुझी आई