भिंतीवरची आई

३ मार्च १९६४
आईचा रोल! मला! चौतिशीत! आणि पोटची मुलगी कोण, तर झुओ-यिंग — तेवीस वर्षांची घोडी! स्टुडिओचे मालक दोंग शेठ म्हणाले, "हा चित्रपट कर, करार वाढवतो. नाहीतर कौलूनच्या बाजारात शिवणाचं दुकान टाक." सगळे हसले. मीही हसले. दहा वर्षं या स्टुडिओची नायिका होते मी. होकार दिला. दुसरं काय करणार?

९ मार्च
मेकअपला आधी तिला बसवलं. आरशातून मला म्हणते, "ताई, शाळेत असताना मी तुमचे सगळे चित्रपट बघायची." किती साळसूद!

१४ मार्च
आई मुलीच्या थोबाडीत मारते, तो प्रसंग. पहिल्याच वेळी छान जमला होता. पण मी मुद्दाम वाक्य विसरले. पुन्हा मारलं, पुन्हा विसरले. लू दिग्दर्शक ओरडले, "सू-वेनबाई, आज झालंय काय तुम्हाला?" तिच्या गालावर माझी बोटं उठली, पावडरखाली झाकेनात. शेवटी शूटिंग थांबवलं. आणि पोरीने जाताना मला चहा आणून दिला, दोन्ही हातांनी.

फार बरं वाटलं. खोटं कशाला लिहू?

१५ मार्च
सुट्टी. भाजलेलं बदक मागवलं. एकटीने संपवलं!

१९ मार्च
कथा बदलली! काल ती शेठच्या खोलीत जाऊन बसली होती म्हणे. आता आई सुरुवातीलाच मेलेली. लू माझ्याकडे बघतही नव्हते — "बाई, तुमचा फक्त फोटो लागेल. घरातल्या भिंतीवर."
"आणि माझा करार?"
"ते शेठना विचारा."
शेठ बाहेरगावी गेलेत म्हणे. त्यांची गाडी दारातच उभी होती!

२१ मार्च
फोटो काढला. जिवंत माणसाचा असा फोटो काढायचा, तर अपशकुन टळावा म्हणून शेठने स्वतः पैशांचं लाल पाकीट हातात द्यायचं असतं. मढं होऊन पडणाऱ्या एक्स्ट्रालासुद्धा ते देतात. मी खुर्चीत वाट बघत बसले. शेठ आलेच नाहीत. पाकीट घेऊन आली झुओ-यिंग. वाकून म्हणाली, "हसा ना ताई. रडकी आई मला शोभायची नाही."
सगळ्यांदेखत! घेतलं. हसले. मेले एकदाची!

२ ऑक्टोबर
चित्रपट लागला. डोक्याला रुमाल बांधून थिएटरात मागे बसले. भिंतीवरचा माझा फोटो दिसला, तशी शेजारची म्हातारी माझ्याकडे वळून कुजबुजली, "ही सू-वेन ना गं? खरंच गेली का?"
"हो," म्हटलं. "मार्चमध्ये."