वीरप्पांच्या नावावर

कळंब, १२ फेब्रुवारी १९७३

ती. काकूस, मल्लिनाथचा शि. सा. न. वि. वि.

शाळेची विहीर आटली; मुलं घरून तांब्या आणतात. तुम्ही दुष्काळी कामावर खडी फोडता हे ऐकल्यापासून घास उतरत नाही. इकडे या म्हटलं, तर माझ्या भाकरीला नावं ठेवता.

काकांच्या माघारी त्यांचं तुरुंगातल्या आठवणींचं पुस्तक सोसायटीचे चेअरमन व्यंकटराव पुन्हा छापताहेत. ते निघेल त्याच दिवशी तुमच्या गावच्या नव्या पाझर तलावाला काकांचं नाव देणार. प्रस्तावना माझ्याकडे आहे. त्यासाठी जुने कागद चाळताना निजामाच्या काळचा एक उर्दू कागद हाती आला. मुन्शीजींकडून वाचून घेतला. तो माफीनामा आहे. ओढ्याकाठी बंदुका कुठं पुरल्या, तेही त्यात आहे. खाली सही काकांची. पुस्तकात तर काकांनी लिहिलंय, ती जागा त्यांचे सोबती वीरप्पा यांनी फोडली आणि त्यापायी दोघे जण गोळ्यांना बळी पडले.

काकू, कागद खोटा आहे एवढंच कळवा.

माया राहू द्या.

मल्लिनाथ


अणदूर, २० फेब्रुवारी

चि. मल्लिनाथास काकूचे अनेक आशीर्वाद.

कागद खरा हाय. सात महिने त्यांनी मार खाल्ला, नखं गेली, तोंड उघडलं न्हाय. मग शिपायांनी मला घरातून उचलून त्यांच्या म्होरं उभं केलं. हिला इथंच ठेवतो म्हणाले. त्यांनी माझ्याकडं एकदा बघितलं अन् सही केली.

वीरप्पा त्याच दिवशी सोलापूरला निसटले, म्हणून गावानं त्यांनाच फितूर ठरवलं. पुढं ह्यांनी पुस्तकात तेच लिहिलं. लिहिताना रडत हुते. खरं लिहू का म्हणाले. म्या म्हणलं, राहू द्या तसंच. ते पाप माझं हाय.

वीरप्पांची हितं मागं राहिलेली बायको लक्ष्मम्मा माझ्या शेजारीच खडी फोडती. पंचवीस वर्षं तिला कुणी दारात उभं केलं न्हाय. काल म्या तिला समदं सांगितलं. तिचा हात थांबला न्हाय. पाटी भरल्यावर म्हणाली, "हे माझ्या माणसाला सांगा. मला कशाला सांगता?"

तू सोलापूरला वीरप्पांकडं जा. पोटभर जेवत जा.

तुझी काकू, गिरिजाबाई


कळंब, ५ मार्च

ती. काकूस शि. सा. न. वि. वि.

वीरप्पा भेटले. गिरणीतलं काम सुटलंय, डोळ्यांनी कमी दिसतं. मी कागद वाचून दाखवला. त्यांनी काकांचं नाव घेऊन विचारलं, रेवणसिद्धनं हे कधी कुणाला सांगितलं का. मी नाही म्हटलं. तेव्हा म्हणाले, "तुझ्या काकूला तिथं बघून म्या बी सही केली असती. पण माझं नाव लिहायला नको हुतं."

गावाला यायला तयार नाहीत.

व्यंकटराव म्हणतात, असल्या दिवसांत लोकांना एक तरी मोठा माणूस लागतो. प्रस्तावना त्यांनी दुसऱ्याकडून लिहून घेतली. रविवारी पुस्तक जसंच्या तसं निघतंय. काकू, मला काही सुचत नाही.

आपला मल्लिनाथ


अणदूर, १४ मार्च

चि. मल्लिनाथास आशीर्वाद.

रविवारी पुस्तकाच्या मांडवात मी उभी राहिले. तुझ्या काकांनी काय सोसलं ते सांगितलं. मग बंदुकांची जागा त्यांनीच सांगितली, वीरप्पांचा काय बी दोष न्हाय, अन् पुस्तकात खोटं म्या ठेवायला लावलं, तेबी सांगितलं. व्यंकटरावांनी माईक बंद करवला, तवर माझं बोलून झालं हुतं. गोळी लागलेल्या एकाची म्हातारी आई पुढं बसली हुती. ती उठून गेली. तलावाला नाव दिलं न्हाय.

लक्ष्मम्मा सोमवारच्या यष्टीनं सोलापूरला गेली. जाताना माझ्याकडं बघितलं न्हाय.

टँकरवर बाया माझी घागर बाजूला सारत्यात. कामावर शेजारी कुणी बसत न्हाय. लक्ष्मम्मानं असे किती दिवस काढले, आता कळतंय.

तू इतक्यात येऊ नको, तुझ्याबी मागं लागतील. पत्र तेवढं धाडत जा. माझ्याशी बोलणारं आता तेवढंच हाय.

काकू