मिरची न झोंबणारे हात

गुरुवार, संध्याकाळ

भिवापूरच्या शांताबाई आज तिसऱ्यांदा रामदासपेठेत आमच्या दवाखान्यात फिजिओथेरपीला आल्या. बोटांचे सांधे सुजलेले, डॉक्टरांच्या कागदावर संधिवात. मी नेहमीसारखा गरम मेणाचा शेक दिला. जाताना त्यांनी लाल मिरच्यांची पुडी हातात ठेवली. दिवसभर मजुरीने मिरच्यांचे देठ खुडता, हात झोंबत नाहीत का, मी सहज विचारलं.

"आधी झोंबत होते. आता सवय झाली, मले काही होतच नाही." सोबत खुडणाऱ्या बाया म्हणे हेवा करतात, हे सांगताना त्या हसल्या.

मीही हसले. का हसले?

घरी येऊन पुडीतल्या सगळ्या मिरच्यांचे देठ खुडले. तीनदा साबण लावला, तरी बोटं इतकी झोंबताहेत की पेन धरवत नाही. सवय कसली? त्यांच्या मनगटावरचा फिकट डाग मी उन्हाचा समजले होते. कुष्ठरोगातही सांधे सुजतात, शिकले होते की. पण एकाच हातात आत सांधे दुखतात आणि वर कातडीला काही कळत नाही, असं होतं? की मीच उगाच घाबरतेय? उद्या डॉक्टरांना सांगायचंच.

आत्ता आठवलं. शेक देताना विचारलं होतं, चटका तर नाही ना बसत?

"नाही वं पोरी, बिलकुल नाही."

मी मेण आणखी गरम केलं होतं.