पैनगंगेच्या पाण्याची सरासरी

माय, आज नदीवर जाऊन आले, तेव्हापासून मनात तुझ्याशीच बोलते आहे, म्हणून हे पत्र. कावीळ होऊन तू गेलीस तेव्हा मी शाळेत होते, म्हणून तुला ठाऊक नाही, की मी आता पाणी तपासते. पावसाळा, हिवाळा, उन्हाळा, तिन्ही वेळा पैनगंगेतून बाटल्या भरून न्यायच्या. हे पाणी पुढे वर्धेतून, गोदावरीतून बंगालच्या उपसागरात जातं. तिथल्या किनाऱ्याचं पाणी बिघडतंय म्हणून वरच्या नद्यांची तपासणी. तू ज्या वाळूत पिण्याच्या पाण्यासाठी झिरा खणायचीस, तिथूनच मी नमुना घेते. एकदा मी त्या झिऱ्यात चिखलाचे पाय बुडवले, तर तू पाठीत धपाटा घातलास. "लोकायले प्या लागते ना हे पानी! काहून नासवून राह्यली?" सगळं पाणी उपसून टाकलंस आणि नवं झिरपेपर्यंत मला उन्हात उभं केलंस.

आता मे महिना आहे. नदी वाहत नाही, गटार तेवढं डबक्यात येऊन पडतं. माझ्या बाटलीत प्राणवायू जवळजवळ नव्हता, जंतू मात्र बेसुमार. आमचे साहेब आकड्यांचा कागद बघून म्हणाले, "तिन्ही ऋतूंची सरासरी काढा." पुराचं पाणी मिसळलं की उन्हाळ्याची घाण कागदावर फिकी होते. "पण साहेब, लोक आत्ता हेच पितात." "बाई, अहवालात एकच आकडा मागितलाय." दोन दिवस मी कागदाला हात लावला नाही. तिसऱ्या दिवशी सरासरी काढली आणि सही केली.

निदान तोंडी सांगावं म्हणून आज पुन्हा गेले. डबक्याकाठच्या झिऱ्यातून एक बाई वाटीवाटीनं हंडा भरत होती. "तपासनीवाल्या ना तुमी? कसं हाय आमचं पानी?" 'पिऊ नका' म्हटलं असतं, तर 'मग काय पिऊ?' असं तिनं विचारलं असतं. मी एवढंच म्हटलं, "उकळून प्या." ती हसली. "सयपाकाले लाकडं पुरत नाई, पानी कायच्यावर उकळू?" आणि माझ्यापुढे तांब्या धरला. "घ्या, लांबून आल्या."

मी एक घोट तोंडात धरला आणि गाडीमागे जाऊन थुंकला. माय, हे पत्र कोणत्या पत्त्यावर टाकू? तुला पाठवता आलं असतं, तर पुढचं लिहायची हिंमत झाली नसती. माझ्या पिशवीत घरून आणलेली पाण्याची भरलेली बाटली होती. ती मी तिच्यासमोर काढली नाही. गाडी वळणाआड गेल्यावर मीच प्यायले.