आत्याचे कप्पे

प्रिय आत्या,

हे पत्र तुला देणार नाही. डोळ्यावरची पट्टी निघेपर्यंत तुला वाचता यायचं नाही, आणि तोवर तोंडानं कबूल करायचा धीर मला येईल, अशी आशा आहे.

ऑपरेशनला जाताना तू ई-रीडर माझ्या हातात दिलास. "जरा आवरून ठेव गं, कारकूनबाई!" मी तीनशे बारा पुस्तकं लेखकांच्या नावांनी लावली आणि तू त्यात केलेले कप्पे पुसून टाकले. मग उमगलं, तो पसारा नव्हताच. 'पाय ठणकत असताना', 'कुणाशी बोलायचं नसताना', 'दूध तापेपर्यंत'. तू पुस्तकं वेळ पाहून लावली होतीस.

कुठलं पुस्तक कुठल्या कप्प्यात होतं, ते दोन दिवस तुझ्या खुर्चीत बसून आठवते आहे. शाळेत जायच्या आधी याच खुर्चीत तू माझं बोट धरून ओळींवरून फिरवायचीस. डोळे मिटले की ते कप्पे पाण्याखाली असावेत तसे हलतात आणि एकेक पुस्तक वर येतं. दूध तापेपर्यंतच्या छोट्या कथा सापडल्या. पायदुखीची जाडजूड कादंबरीही सापडली.

एक कप्पा मात्र भरत नाही. 'पोरगी घरी आल्यावर.' त्यात अकरा पुस्तकं होती, सगळ्यांवर 'न वाचलेलं' अशी खूण. चार वर्षं मी फोनवर "पुढच्या महिन्यात नक्की" म्हणत होते.

तो कप्पा त्याच नावानं पुन्हा केला आहे, रिकामाच. उद्या तू घरी आलीस की आधी चूक सांगेन. मग तू नावं सांग, मी मोठ्यानं वाचेन.

घरी आलेली,
तुझी कारकूनबाई